बटण कोणतं घ्यायचं, आणि ते दाबल्यावर दार कोण उघडणार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७८ वर्षांच्या, नाशिकला इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. बीपी आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत, कानाला थोडं कमी ऐकू येतं. मागच्या महिन्यात पहाटे बाथरूममधून बाहेर येताना पडल्या आणि आठ वाजता कामाच्या मावशी येईपर्यंत फरशीवरच होत्या. मावशींकडे किल्ली होती म्हणून दार उघडलं. हाड मोडलं नाही. तुम्ही पुण्यात, बहीण कॅनडात. उन्हाळ्यात दोन महिने आई तुमच्याकडे येतात. "पैशाचा प्रश्न नाही, सगळ्यात चांगलं घड्याळ किंवा लॉकेट कोणतं तेवढं सांगा," असं तुम्ही विचारलं आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २२ वर्षं नाशिकमध्ये घरोघरी जाऊन वयस्कर माणसांना पुन्हा उभं करण्याचं, चालतं करण्याचं काम करते. त्यातले बरेच जण पडून खुबा किंवा मनगट मोडलेले असतात. ही उपकरणं मी कुणाच्या गळ्यात पाहिली, कुणाच्या हातात, आणि फार वेळा कपाटाच्या खणात.

उत्तर आधी देते. तुमच्या आईंसाठी महागडं स्मार्ट घड्याळ घेऊ नका. बोटाला चाचपडून सापडेल असं एकच मोठं बटण असलेलं, फोर-जी सिम घालायचं, पाण्यात चालणारं, दोन्हीकडून मोठ्या आवाजात बोलता येणारं आणि तीन-चार दिवस चार्जिंग टिकणारं साधं उपकरण घ्या. पडल्याचं आपोआप ओळखण्याची सोय असली तर चांगलंच, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. आणि ते मागवायच्या आधी, याच आठवड्यात, त्या इमारतीत किंवा गल्लीत असं एक घर नक्की करा जिथलं कुणीतरी रात्री तीन वाजता फोन उचलेल आणि किल्ली घेऊन दहा मिनिटांत आईंच्या दारात उभं राहील. ते घर ठरलं नसेल तर बाजारातलं सर्वांत महाग उपकरण आणलंत तरी आई फरशीवरच राहतील. फरक इतकाच की पुण्यात बसून तुम्हाला ते कळलेलं असेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात ८१ वर्षांच्या एक आजी पहाटे पडल्या. गळ्यात बटण होतं, त्यांनी ते लगेच दाबलं. ठाण्याच्या मुलाने पहिल्याच रिंगला फोन उचलला, आईचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता. त्याने शेजाऱ्यांना उठवलं, शेजारी किल्ली घेऊन धावत आले. पण आजींनी लॅचशिवाय आतून वरची कडीही घातली होती. कुलूपवाला शोधून, त्याला आणून, दार उघडेपर्यंत ५० मिनिटं गेली. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, उपकरणानेसुद्धा. खुब्याच्या ऑपरेशननंतर मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा मुलाने हे सांगितलं, आणि तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की मी पेशंटच्या आधी दार बघते.

तुमच्या आईंच्या दाराचंही तेच करा. रात्री फक्त लॅच, वरची कडी नाही. सेफ्टी डोअर असेल तर त्याचीही किल्ली शेजारी हवी. काही कुलुपांत आतून किल्ली लावून ठेवली की बाहेरून दुसरी किल्ली जातच नाही. तसं असेल तर आतली किल्ली खुंटीवर टांगायची सवय लावावी लागेल. "चोर येईल" ही भीती त्या बोलून दाखवतील, आणि एकट्या बाईची ती भीती खरी असते, तिला हसू नका. दर्जेदार लॅच आणि दाराला कॅमेऱ्याची बेल लावली की बहुतेक जणी कडी सोडायला तयार होतात. बाथरूमचं दार मात्र विसरू नका. आपल्याकडे ही दारं सहसा आत उघडतात, आणि माणूस आत पडलं की त्याचंच अंग दाराला आडवं येतं. सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या आणि आतली कडी काढूनच टाका. एकटं राहणाऱ्या माणसाला ती कशाला हवी?

वेळेचं इतकं का, तेही सांगते. पडण्याने हाड मोडतं, पण नुसतं पडून राहण्यानेही माणूस खचतं. एका कुशीवर तासाच्या वर पडून राहिलं की अंगाखाली दबलेला स्नायू खराब होऊ लागतो, त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. माकडहाडाजवळ, टाचेला कातडी लाल पडते आणि जखमेची सुरुवात तिथून होते. घसा कोरडा, लघवी तिथेच, अंग गार. निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत पहाटेच्या नाशिकमध्ये फरशीवर अनवाणी उभं राहून बघा, म्हणजे दोन तास तिथे पडून राहणं काय असतं ते कळेल. तुमच्या आईंनी तेवढाच वेळ काढला असणार. म्हणून त्या "मला काही झालं नाही" म्हणाल्या तरी त्यांच्या डॉक्टरांना हे सविस्तर सांगा. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळचा बीपी मोजायला सांगा. पहाटे पलंगावरून उठताना बीपी एकदम उतरणं हे पडण्याचं फार नेहमीचं कारण आहे, आणि साखर कमी होणं हे दुसरं. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून पडणं थांबल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ते काम कुठलंही बटण करत नाही.

आता अंगावर घालायचा प्रश्न. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली केंब्रिजचा एक अभ्यास आला होता. नव्वदीच्या पुढच्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. त्यांतले ६० टक्के त्या वर्षात पडले, आणि पडलेल्यांपैकी ३० टक्क्यांना निदान एकदा तरी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर काढावा लागला. मदतीचं बटण त्यांच्यापैकी अनेकांकडे होतं. तरी जास्त वेळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ते वापरलंच नाही. मी हा अभ्यास वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण तेच मी पंचवटीत, सिडकोत, नाशिकरोडला पाहत होते.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. गुडघ्याच्या व्यायामासाठी जायचे. भाचीने त्यांना लॉकेटसारखं बटण आणून दिलं होतं. एकदा गेले तर कपाळाला टेंगूळ. न्हाणीत पडल्या होत्या. बटण कुठे होतं? न्हाणीच्या दारामागच्या खिळ्याला, पंचाशेजारी. "पडल्या पडल्या दिसत होतं ग मला ते, पण हात पोचेना." मी विचारलं, आजी, गळ्यात का नव्हतं? तर म्हणाल्या, "पाण्यात खराब होईल ना. चांगलं साडेचार हजारांचं आहे म्हणे." डब्यावर आयपी ६७ लिहिलेलं होतं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालावं. मी त्यांच्यासमोर बादली भरली, बटण त्यात सोडलं आणि आम्ही दोघी दहा मिनिटं गप्पा मारत बसलो. मग त्यांनाच बादलीत हात घालून ते दाबायला लावलं. भाचीचा फोन आला. आजींनी त्या चिमुकल्या पेटीकडे असं पाहिलं जसं वर्गात मागे बसणाऱ्या पोराने अचानक बरोबर उत्तर द्यावं. त्यानंतर त्या अंघोळीला ते घालूनच जायला लागल्या.

तेव्हा आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेलं असेल तेच घ्या. आयपी ६५ म्हणजे फवारा झेलेल, बुडवायचं नाही. आणि आईंना नुसतं सांगू नका, बादलीचा प्रयोग त्यांच्यासमोर करा.

गळ्यात की हातात, याचं एक उत्तर नाही. जिला पन्नास वर्षं मंगळसूत्र किंवा तुळशीची माळ घालायची सवय आहे तिला गळ्यातलं चटकन अंगवळणी पडतं आणि दोन्हींपैकी कुठल्याही हाताने दाबता येतं. पण पालथं पडलं तर ते छातीखाली जातं, रात्री कुशीवर टोचतं म्हणून काढून ठेवलं जातं. गळ्यातलं घेतलंत तर दोरी ओढल्यावर सुटणारी हवी. पलंगाच्या कठड्यात किंवा दाराच्या मुठीत अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो, आणि जाड नायलॉनची न सुटणारी दोरी मी पाहिली की तिथेच बदलायला लावते. पेसमेकर असेल तर छातीवर रुळणारं, चुंबक असलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळंसुद्धा पेसमेकरपासून सहा इंच लांब ठेवायला सांगतात.

हातातलं रात्री आणि अंघोळीला अंगावर राहतं हा त्याचा मोठा गुण. बांगड्यांशी भांडण होतं, त्यासाठी पट्टा बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला बांधतात. पट्टा रबरी किंवा कापडी घ्या. चामड्याचा असेल तर पूजेला बसताना निघतो आणि मग दुपारपर्यंत देवघराच्या फळीवर राहतो. अर्धांगवायू झालेल्यांच्या घरी एक चूक मला सारखी दिसते. घड्याळासारखं बटण चांगल्या हाताला बांधलेलं असतं. मग ते दाबणार कोण, लुळा हात? बटण कमजोर हातावर बांधायचं, म्हणजे चांगला हात ते दाबू शकतो. तुमच्या आईंचे दोन्ही हात नीट असतील तर मी मनगटाचं घेईन, कारण त्या पडल्या ती वेळ पहाटेची आणि जागा बाथरूमची होती. पण शेवटी त्यांनाच विचारा. त्यांना न आवडलेलं उपकरण चार दिवसांत खणात जाईल.

बटण असूनही न दाबण्याचं आणखी एक कारण संकोचाचं. "तो मीटिंगमध्ये असेल, कशाला उगाच." हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकलं असेल! बटण म्हणजे अगदी जीव जायची वेळ, असं त्यांच्या मनात असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांना रोज एकदा ते दाबायला लावा आणि तुम्ही दोन वाक्यं बोला. जेवलात का, पाणी आलं का. बटणाची भीती मोडली की गरजेला हात आपोआप तिकडे जातो.

पडल्याचं आपोआप ओळखणाऱ्या घड्याळांबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. आत हालचाल मोजणारा सेन्सर असतो. शरीर क्षणभर सुटल्यासारखं खाली येणं, मग जोराचा दणका, मग निश्चल पडून राहणं, असा क्रम दिसला की घड्याळ समजतं माणूस पडलं. ऍपलने ही सोय २०१८ च्या सीरीज ४ घड्याळापासून दिली. साधारण मिनिटभर हालचाल नसेल तर ते स्वतःहून आणीबाणीचा नंबर लावतं आणि ठरवलेल्या माणसांना निरोप धाडतं. सॅमसंगच्या आणि गुगलच्या घड्याळांतही असं असतं. पण आमची मंडळी अशी धाडकन कमीच पडतात. पलंगावरून घसरतात, भिंतीला धरत धरत खाली बसतात, कमोडवरून उठताना गुडघा दगा देतो आणि हळूच जमिनीवर येतात. त्यात दणका नसतो, म्हणून घड्याळाला काही कळत नाही. उलट खलबत्त्यात दाण्याचं कूट करताना किंवा धुणं आपटताना त्याला वाटतं पडल्या. दोन-तीनदा उगाच फोन गेला की ती सोय बंद केली जाते. शक्यतो तसं करू नका, संवेदनशीलता कमी-जास्त करता येत असेल तर ती जुळवा. पण दाबायचं बटण हेच मुख्य समजा.

स्मार्ट घड्याळ कुणाला चांगलं? कृषिनगरच्या ट्रॅकवर रोज चार फेऱ्या मारणारे, स्वतःचा आयफोन सहज वापरणारे ६५-६८ वर्षांचे गृहस्थ असतील तर जरूर घ्यावं. तुमच्या आईंना त्याला रोज नाहीतर दिवसाआड चार्जिंग करावं लागेल. त्याची काच ओल्या बोटाला नीट दाद देत नाही, आणि म्हातारपणी कोरड्या पडलेल्या बोटांनाही देत नाही. सिमची सोय नसलेल्या मॉडेलला तर फोन जवळ लागतो, आणि पहाटे बाथरूममध्ये कोण फोन घेऊन जातं? मनगटावरून रक्तातली साखर सांगतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या तर घेऊच नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध लोकांना स्पष्ट सावध केलंय, कारण सुई न टोचता साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. तुमच्या आईंना साखरेच्या गोळ्या चालू आहेत. खोटा आकडा बघून गोळी चुकली तर त्यातूनच पडायच्या.

नेटवर्कवर थोडं थांबते, कारण इथे लोक फसतात. ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त लॉकेटं टू-जीची असतात. जिओला टू-जी नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम टाकलं की ते नुसता गळ्यातला दगड होतं. फोर-जी आणि व्होल्टी (म्हणजे फोर-जीवरूनच बोलण्याची सोय) दोन्ही लिहिलेलं असेल तरच घ्या. सिम कोणत्या कंपनीचं हे जाहिरात बघून ठरवू नका. पुढच्या वेळी नाशिकला जाल तेव्हा दोन-तीन कंपन्यांचे फोन घेऊन आईंच्या बाथरूममध्ये जा, दार लावा, खाली बसा आणि फोन लावून बोला. जिथला आवाज तुटत नाही ते सिम. जुन्या नाशकातल्या दगडी भिंतींच्या वाड्यांत माजघरात एक कांडीही येत नाही आणि ओसरीवर चार येतात, अशी घरं आहेत. जीपीएसचंही तसंच, घरात ते नीट चालत नाही. घरातल्या पडण्याला त्याची गरजही नाही, कारण पत्ता तुम्हाला ठाऊक आहे. बुधवारच्या बाजाराला किंवा गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, एकट्या जात असतील तर मात्र ते उपयोगी. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी गंगेवरच्या गर्दीत नेटवर्क तुंबतं तेव्हा कुठल्याच बटणावर भरवसा ठेवू नये. २०२७ मध्ये त्या दिवसांत त्यांच्याबरोबर माणूसच हवा.

सिम तुमच्या नावावर घ्या आणि रिचार्जची तारीख तुमच्या फोनमध्ये घाला. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक द्यावे लागतात, त्यांत लांब मुदतीचे मिळतात. उपकरण डेटाशिवाय चालतं का तेवढं विक्रेत्याला विचारून तोच पॅक घ्या. संपलेल्या रिचार्जमुळे मुक्या झालेल्या दोन पेट्या मी स्वतः पाहिल्यात, दोन्ही घरांत सगळ्यांना वाटत होतं की सोय आहे. आणखी एक, उपकरणाला फक्त तुम्ही ठरवलेल्याच नंबरांवरून फोन यावा अशी सोय चालू करा. नाहीतर कर्ज देणाऱ्यांचे फोन आईंच्या मनगटावर वाजू लागतील.

आता फोन उचलणाऱ्यांकडे वळू. ही पेटी सहसा तीन ते पाच नंबरांना एकामागून एक फोन लावते. पहिला नंबर तुमचा टाकाल, साहजिक आहे. तो टाकू नका. पहिला नंबर शेजाऱ्यांचा, दुसरा त्याच भागातल्या नातेवाइकाचा किंवा मित्राचा, तिसरा तुमचा. बहिणीचा त्यात नकोच, तिला तुम्ही कळवा. कॅनडातून तिला १०८ लागणार नाही, आणि तिची झोपेची वेळ वेगळी. व्हॉइसमेल किंवा फोन वळवण्याची सोय ज्या नंबरवर आहे तो यादीत नको, कारण यंत्राने उचललेला फोन पेटीला माणसाने उचलल्यासारखाच वाटतो आणि ती पुढचा नंबर लावत नाही. यादीतल्या प्रत्येकाने पेटीचा नंबर नावानिशी जतन करावा, तिला वेगळी मोठी रिंगटोन द्यावी आणि रात्री फोन गप्प ठेवला तरी हा एक नंबर वाजेल अशी सेटिंग करावी. अनोळखी नंबर अडवणारं ऍप असेल तर त्यातही तो मोकळा करावा. हे काम तुम्ही स्वतः प्रत्येकाच्या फोनवर हातात घेऊन करा. "करतो" म्हणून कुणी करत नाही.

रात्रंदिवस फोन उचलणाऱ्या कंपन्यांची वर्गणी घेण्याचा विचार करत असाल तर आधी रात्री दोन वाजता त्यांना फोन लावून बघा. किती रिंगनंतर उचलतात? समोरचा मराठी बोलतो का? घाबरलेल्या, कानाला कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्या क्षणी हिंदीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारून काही निघत नाही. आणि त्यांचं नाशिकमध्ये स्वतःचं माणूस आहे, की दिल्लीकडच्या कार्यालयातून तेही तुमच्या शेजाऱ्यांनाच फोन करणार? दुसरं असेल तर ते काम तुम्ही फुकट करू शकता. दुसऱ्या राज्यातून १०८ लावला तर तो त्या राज्याच्या कक्षाला लागतो, महाराष्ट्राच्या नाही, हेही त्यांना माहीत आहे का बघा. शेजारी खरंच कुणी नसेल, किंवा सगळेच ८० च्या घरातले असतील, तर मात्र स्थानिक माणूस असलेली सेवा पैसे देऊन घ्यावी.

चार्जिंग संध्याकाळी, आई खुर्चीत बसून मालिका बघतात तेव्हा. रात्री उशाशी लावून ठेवायचं नाही, कारण बाथरूमला जाण्याची वेळ तीच. मोतीबिंदूच्या डोळ्यांना बारीक पिन खोबणीत घालणं जमत नाही, म्हणून नुसतं ठेवलं की चार्ज होणारा ठोकळा असेल ते मॉडेल निवडा. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरचा आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो का ते तपासा. आई बेडरूममध्ये पडल्या आणि पेटी बाथरूममध्ये राहिली, असंही होतं.

विसरभोळेपणा सुरू झालेल्यांना बटण दाबायचं आठवत नाही. त्यांच्यासाठी घराबाहेर पडताच निरोप देणारं उपकरण आणि सोबतीचं माणूस लागतं. तुमच्या आईंचा तो प्रश्न दिसत नाही, म्हणून पुढे जाते.

उन्हाळ्यात त्या पुण्याला येतील तेव्हा ही सगळी यातायात नको. घरात तुम्ही आहातच, फक्त झोपेत. इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत बिनतारी दाराची बेल मिळते. तिचं बटण बाथरूममध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवा, दुसरं पलंगाशेजारी, आणि वाजणारा डबा तुमच्या खोलीत. फरशीवर पडलेल्या माणसाचा हात पोचतो तो वीतभर उंचीला, नेहमीच्या बटणाच्या जागी नाही. अशी बेल नाशिकच्या घरातही शेजाऱ्यांपर्यंत पोचत असेल तर लावा. उपकरणाच्या जोडीला दुसरी वाट असलेली बरी.

शनिवारी नाशिकला जाल तेव्हा एक काम करा. गादी जमिनीवर घाला, आईंना त्यावर आडवं व्हायला सांगा आणि तिथून बटण दाबायला लावा. मग उठायची रीत शिकवा. आधी घाई न करता श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते बघायचं. खुबा किंवा पाठ दुखत असेल, पाय आखूड किंवा वाकडा दिसत असेल, तर उठायचा प्रयत्न करायचा नाही, हाताला येईल ती चादर ओढून अंगावर घ्यायची आणि थांबायचं. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर उठायचं, रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, बळकट पाय पुढे, आणि वर येऊन वळून बसायचं. गुडघे साथ देत नसतील तर जवळच्या फिजिओकडून दोन-तीन वेळा करून घ्या. रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू झाली तर डोकं आपटल्यावर, बरं वाटत असलं तरी, दवाखाना चुकवायचा नाही, हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा. पूर्ण पत्ता, जवळची खूण, मजला, लिफ्ट आहे की नाही, गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर, १०८ आणि ११२. घाबरलेल्या शेजाऱ्यांना ऐन वेळी इमारतीचं नावसुद्धा आठवत नाही.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तालीम करा. आईंनी बाथरूममध्ये जाऊन बटण दाबायचं, शेजारच्या काकूंनी फोन उचलायचा, किल्ली शोधायची, जिना चढून दार उघडून आत यायचं. तुम्ही पुण्यात घड्याळ लावून बसा. नुसती रिंग वाजली म्हणून थांबू नका, काकू आईंच्या समोर उभ्या राहीपर्यंतची मिनिटं मोजा. पहिल्या वेळी किल्ली सापडणार नाही. ती त्यांच्या दारामागच्या खिळ्याला लाल दोरा बांधून लावायला सांगा. मग दोघींनी चहा घ्यावा, पुढच्या महिन्यातही काकू आनंदाने येतील.